सहा पूर्णांक दोन

पडद्यावरचा आकडा सहा पूर्णांक दोन होता. ऑर्नेलाने पेल्यातलं पाणी गिळलं तसा तो सहा पूर्णांक नऊवर गेला, आणि पाणी खाली उतरल्यावर एकेका दशांशाने परत येऊन होता तिथे थांबला. साबणाच्या वडीएवढी ती डबी तिच्या कमरपट्ट्याला अडकवलेली होती, त्यामुळे आकडा वाचायचा तर हनुवटी छातीला टेकवावी लागे. शाळेत शिक्षा झालेली मुलगी उभी राहते तसं उभं राहावं लागे. डबीवर तीन बटणं होती. एकावर ताटाचं चित्र, एकावर आडव्या माणसाचं आणि तिसऱ्यावर, जळजळ झाली की दाबायच्या, छोटीशी ज्योत. आत, अन्ननळी जठराला मिळते त्याच्या जरा वर, वाटाण्याहून थोडी मोठी कुपी चिकटून बसली होती आणि तिथे आम्ल किती आहे याची बातमी बिनतारी बाहेर पाठवत होती. बसवली तेव्हा कुपी जाणवली होती, नंतर नाही. जाणवत होतं ते एवढंच, की आत कोणीतरी आहे आणि ते बोलत नाही, फक्त मोजतं. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. धाकट्या भावाचं, कोसिमोचं नाव दिसलं, आणि फोन उचलण्याआधीच छातीच्या हाडामागून घशापर्यंत ती ओळखीची जळजळ चढली, गरम तार ओढल्यासारखी. सवयीने तिने ज्योतीचं बटण दाबलं, मान वाकवली आणि पाहिलं. सहा पूर्णांक दोन. जळजळ घशाशी होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि आकडा जागचा हललाही नव्हता.

"प्रोफेसर, उठलीस का?" कोसिमो म्हणाला. "टोमॅटो उठलेत, आई तर रात्री झोपलीच नसेल. तुझं मीटर आणायला विसरू नकोस. तुझ्या मीटरशिवाय आपला वर्षाचा सॉस विषारी असतो म्हणे."

"आणते."

"आणि पोटातलं रेडिओ स्टेशन? चालू आहे का?"

"चालू आहे."

"काय बातम्या?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे चांगलंच ना?"

"हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हे गेले तीन दिवस चाललं होतं, पण तिने ते असं समोरासमोर पाहिलं नव्हतं. आयुष्याची वीस-बावीस वर्षं ती ॲडलेडच्या टेकड्यांमधल्या जलशुद्धीकरण केंद्रात शहराच्या पाण्याचा पीएच मोजत आली होती. सात म्हणजे पाणी. सातच्या खाली आम्लाची बाजू सुरू होते, आणि या डबीच्या हिशेबात चार ही रेघ होती. आकडा चारच्या खाली गेला तर जठरातलं आम्ल वर आलं. वर राहिला तर आलं नाही, मग माणसाला काहीही वाटो. केंद्रात एखादा आकडा रेघ ओलांडायचा तेव्हा ती शांतपणे फोन उचलायची. आकड्यावर तिने कधी राग धरला नव्हता. आणि आता ती एका आकड्यावर चिडली होती, कारण तो तिला साथ देत नव्हता. हे वाक्य मनात पूर्ण झालं तसं तिने पेला उगाचच पुन्हा विसळला. कुपी बसवताना नर्स म्हणाली होती, "एक सांगते, शहाण्यासारखं वागू नका. लोक काय करतात, हे लावलं की संत होतात. उकडलेल्या भाज्या खातात, संध्याकाळी फिरायला जातात, आणि मग आम्हाला काही सापडत नाही. तुम्ही आपले सगळे वाईट उद्योग करा. ज्यानं ज्यानं जळतं ते सगळं."

"सगळं?"

"सगळं. वाईन, कॉफी, सासू."

"मला सासू नाही."

"मग दुसरं कोणी असेल," नर्स म्हणाली आणि हसत हसत तिच्या गालावरची, नळी धरून ठेवणारी पट्टी काढली.

तिने खरंच सगळं केलं होतं. तळलेल्या मिरच्या खाल्ल्या, रिकाम्या पोटी कॉफी प्यायली, जेवल्याबरोबर आडवी झाली. आकडा पाचाच्या आसपास घुटमळला आणि परत वर आला. तो खाली जायला हवा होता. हवा होता, कारण कोसिमोला किडनी हवी होती आणि ऑर्नेलाची जुळली होती. रक्त जुळलं, पेशी जुळल्या, हृदय, फुप्फुसं, साखर, सगळं डॉक्टरांना आवडेल असं निघालं. कोसिमोच्या बायकोची, लीनची, जुळली नव्हती. आईचं वय गेलेलं. राहता राहिली ऑर्नेला, एकटी, घटस्फोटाला कितीतरी वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कोणी तिला "देशील का" असं विचारलंच नाही. आई मावशीला फोनवर म्हणाली होती, "ऑर्नेलाची आहे ना. तिच्यामागे कोण आहे?" ती तेव्हा शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. वाक्य खोटं नव्हतं. तिने घडी पुन्हा उलगडून कडा नीट जुळवून घातली. मग तपासण्या सुरू झाल्या, आणि एकेक दार उघडत गेलं. प्रत्येक उघड्या दारापाशी तिला वाटायचं, हे तरी लागलेलं असेल. शेवटच्या भेटीत, किडनीच्या डॉक्टरीणबाई अभिनंदनाच्या सुरात बोलत असताना, दाराच्या मुठीवर हात ठेवून ती म्हणाली होती, "मला कधीकधी छातीत जळजळतं. त्यावर रोज गोळी घेते. बरीच वर्षं झाली." डॉक्टरीणबाईंनी तिला परत बसवलं. त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणं किडनीला फारसं बरं नसतं. दोन असतील तर चालून जातं, एकच उरणार असेल तर त्या विचार करतील. जळजळ खरोखर आम्लाची असेल आणि गोळी जन्मभर लागणार असेल तर त्या बहुधा नको म्हणतील. नसेल, तर गोळी बंद, आणि मग काही अडचण नाही. हे ऐकताना ऑर्नेलाच्या आत काहीतरी थंडगार पसरलं. ती सुटका होती. तिला ती लगेच ओळखू आली, आणि त्या दिवसापासून जळजळ वाढली.

आणखी एक दार होतं, आणि ते पहिल्यापासून उघडंच होतं. किडनी देणाऱ्या माणसाची बाजू बघायला रुग्णालयात एक वेगळे गृहस्थ असतात. घेणाऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. लहानशी खोली, रुमालांचा खोका, खिडकीत मरगळलेलं रोप. ते म्हणाले होते, "तुम्हाला नको वाटलं, अगदी शेवटच्या सकाळी वाटलं, तरी मला एक फोन करा. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तुम्ही योग्य ठरला नाहीत. कारण सांगत नाही. कोणालाच, कधीच." तिने घाईघाईने म्हटलं होतं, "नाही नाही, मला द्यायचीच आहे." इतक्या घाईने की ते काही क्षण तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या दारातून जायचं तर आधी एका माणसापुढे तरी 'नको' म्हणावं लागलं असतं. कुपीपुढे काही म्हणावं लागत नव्हतं. आकडाच म्हणाला असता. म्हणून तिला हा आकडा हवा होता, आणि उद्या डबी परत द्यायची होती.

तिने कपाट उघडून व्हिनेगरची बाटली काढली. हे करायचं की नाही असा विचार तिने केला नाही; केंद्रात नमुना तयार करावा तसं तिने मापाने केलं. व्हिनेगर किती, लिंबू किती, पाणी किती, घसा पोळणार नाही पण आकडा पडेल एवढं. एक घोट गिळला, मान वाकवली. पाच. साडेतीन. दोन पूर्णांक नऊ. जळजळ अजिबात झाली नाही. आम्ल होतं आणि आग नव्हती. मघाशी आग होती आणि आम्ल नव्हतं. एका घोटाने काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं. आकडा दिवसभर पुन्हापुन्हा रेघेखाली जायला हवा. तिने प्रवासातली निळी बाटली त्या पाण्याने काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, आणि ज्योतीचं बटण दाबलं. काही जळत नसताना दाबलेलं ते पहिलं बटण. डबीने नेहमीसारखाच, आज्ञाधारक, छोटा आवाज केला.

आईच्या घराच्या मागच्या अंगणात सगळं मांडून झालं होतं. उत्तरेकडच्या मळ्यांतून आणलेल्या टोमॅटोच्या पेट्या जाळीच्या सावलीत, धुतलेल्या बिअरच्या बाटल्या उलट्या करून ठेवलेल्या, भिंतीकडेला विटांवर चढवलेलं लोखंडी पिंप. इथला उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो, पण मार्च उजाडला तरी तो हटत नव्हता. कोसिमो टोमॅटो गाळायच्या यंत्राशी बसला होता, उजव्या हाताने दांडा फिरवत. डावा हात मांडीवर, पालथा, पाहुण्यासारखा. त्या हातात कोपराच्या आत दोन रक्तवाहिन्या जोडून डायलिसिससाठी वाट केली होती, आणि ती आता अंगठ्याएवढी फुगून त्वचेखालून वळवळत गेली होती. एकदा त्याने तिची बोटं धरून तिथे ठेवली होती. "बघ, फ्रिजसारखं वाजतंय. लीन म्हणते, रात्री झोप लागत नाही तुझ्या आवाजाने." आत खरोखरच थरथर होती, बारीक, अखंड. तिने बोटं काढून घेतली होती, जरा लवकरच. फरशा बसवणारा माणूस तो, पोती खांद्यावर टाकून जिने चढणारा. आता आठवड्यातले तीन दिवस खुर्चीत पडून असायचा आणि उरलेल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचा. टोमॅटो त्याला वर्ज्य होता, त्यातलं पोटॅशियम त्याच्या किडन्या आता बाहेर टाकू शकत नव्हत्या. तरी यंत्राचा दांडा त्याने कोणाला दिला नव्हता.

"आली बघ सरकारी तपासणी," तो ओरडला. "आई, लपव सगळं!"

"गप रे. ऑर्नेला, आधी खा," आई म्हणाली. तिने ताट तयारच ठेवलं होतं: वांग्याचे तळलेले गोळे, पाव, चीजचा सर्वांत जाड तुकडा. तपासण्या सुरू झाल्यापासून जाड तुकडा ऑर्नेलाचा असे. "खा गं पोरी. आता तू दोघांसाठी खातेस."

लीन बाटल्यांत तुळशीसारख्या वासाची बॅझिलची पानं टाकत होती. ती खाली मान घालून हसली. कोसिमोही हसला. "आई, ती गरोदर नाही."

"मी कुठे म्हणते गरोदर आहे? मी म्हणते, खाऊ दे."

ऑर्नेलाने ताटाचं बटण दाबलं आणि खाल्लं. घास उतरताना तिला वाटलं, हे अन्न आपल्यातून कुठेतरी दुसरीकडे चाललं आहे, आपण मधली नळी आहोत. लगेच तिला त्या विचाराची लाज वाटली. आई वाईट नव्हती. आईने आयुष्यभर जे होतं ते दोघांत वाटलं होतं. त्यांच्या लहानपणी घरात संत्रं आलं की आईचा नियम असे: एकाने कापायचं, दुसऱ्याने निवडायचं. कापायचं काम मोठी म्हणून ऑर्नेलाकडे. ती सुरी टेकवायची, उचलायची, फळ फिरवून देठ बघायची, पुन्हा टेकवायची. दोन्ही भाग इतके सारखे करायची की कोणताही उचलला तरी तिचं काही जाऊ नये. शेजारणी म्हणायच्या, काय नीटस मुलगी आहे. पुढे शिक्षकही तेच म्हणाले, मग वरिष्ठही. आणि कोसिमो कधी बघायचाही नाही. हाताला लागेल तो तुकडा उचलायचा, रस हनुवटीवरून गळत असताना अंगणात पळायचा. कधी अर्धा खाऊन उरलेला तिच्याच बशीत टाकायचा. तिला आता वाटलं, आपला नीटसपणा तिथूनच आला असावा. सुरी टेकवताना आपण सारखेपणा मोजत नव्हतो, आपल्यातलं किती जाईल ते मोजत होतो.

ती कारणं शोधून पाहत होती, कित्येक आठवडे. सुरीची भीती? दात काढताना, गाठ काढताना ती कधी घाबरली नव्हती. कोसिमोवर राग? रागावण्याजोगं त्याने काही केलं नव्हतं. उलट घटस्फोटाच्या वेळी तोच ट्रक घेऊन आला होता आणि तिच्या सामानाबरोबर, तिला न विचारता, नवऱ्याचा मासेमारीचा गळही उचलून आणला होता. पुढे आपल्यालाच काही झालं तर? डॉक्टरांनी शक्यता सांगितल्या होत्या, त्या लहान होत्या, आणि लहान शक्यतांबरोबर जगणं हाच तिचा धंदा होता. एकेक कारण ती उजेडात धरायची आणि ते विरघळायचं. तळाशी जे उरायचं त्याला कारण नव्हतं. नको, एवढंच. इतकं उघडं 'नको' तिने स्वतःत पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते एखाद्या परक्याचं असतं तर तिने त्या माणसाला माफ केलं नसतं.

दुपारपर्यंत ती निळ्या बाटलीतून घोट घेत राहिली. मीटरची कांडी सॉसमध्ये बुडवली. चार पूर्णांक तीन. "चालेल," ती म्हणाली, "बाटलीत जंतू धरणार नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दरवर्षी वाजवतात तशा. पुन्हा घोट. आकडा तीन. बटण. बाटल्या गोणपाटात गुंडाळून पिंपात रचल्या गेल्या, खाली जाळ लागला. आई आडवी व्हायला आत गेली आणि लीन आणखी पोती आणायला शेजारी. कोसिमो गॅरेजच्या सावलीत उलट्या पेटीवर येऊन बसला, ऑर्नेलाच्या शेजारी. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सकाळी आणलेले बर्फाचे तुकडे कधीच संपले होते.

"तुझ्यासाठी गाडीत नासपती आहेत," तो म्हणाला. "जाताना घेऊन जा. आम्लाला बरी असतात म्हणे. लीनने वाचलं."

"कशाला आणलीस?"

"कशाला म्हणजे? जळजळ होते म्हणालीस ना. माझ्यासाठी एवढं करतेस, मी दोन नासपती आणू नयेत?" तो पिंपाकडे बघत राहिला. "मी तुला कधी म्हटलं नाही ऑर्नी. म्हणजे, थँक्यू वगैरे. ते म्हणायला गेलं की मला... म्हणजे काय म्हणणार? फरशी बसवून देऊ का तुला?"

"माझ्याकडे लाकडी जमीन आहे."

"तेच ना." तो हसला, मग खोकला. कोरडा खोकला, आत काही न ओलावणारा. त्याची नजर निळ्या बाटलीवर गेली आणि तिथे राहिली. "एक घोट दे गं."

"नको."

"एकच. आजचं माझं पाणी संपलंय. लीनला नको सांगू."

"नको, कोसिमो."

तो तिच्याकडे बघायला लागला. रागाने नाही, काही चुकून ऐकू आलं असावं तसा. तिने त्याला पाणी नाकारलं होतं. हे शब्द आत उमटले आणि जळजळ घशापर्यंत आली, सकाळपेक्षा जोरात. तिचा हात छातीकडे गेला, आणि तेवढ्यात त्याने लहानपणच्या सवयीने, न विचारता, बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि तोंडाला लावली. एक घोट. त्याचा चेहरा आवळला. त्याने तो जमिनीवर थुंकला आणि मनगटाने तोंड पुसलं.

"हे काय आहे?"

तिने दुसरा हात बाटलीसाठी पुढे केला.

"व्हिनेगर?" त्याने बाटलीचा वास घेतला. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "अच्छा. तो इंटरनेटवरचा उपाय ना? आमच्या वॉर्डातला तो म्हातारा घेतो. पित्तावर उतारा म्हणतो. काय गं, प्रोफेसर असून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतेस?"

त्याने तिला आणखी एक दार उघडून दिलं होतं, स्वतःच्या हाताने, काही न बघता, संत्र्याचा तुकडा बशीत टाकावा तसं. तिने फक्त मान हलवायची होती. पिंपात बाटल्या एकमेकींवर बारीक आपटत होत्या. त्याचा डावा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, आणि थरथर ऐकू येत नसली तरी तिला ती माहीत होती.

"जळतंय का आता?" त्याने विचारलं. "हात छातीवर आहे तुझा. दाब की बटण." आणि तिने काही करायच्या आत त्यानेच वाकून ज्योतीवर अंगठा दाबला, जरा जास्तच जोराने. डबी वाजली. त्याने मान तिरकी करून आकडा वाचला. "सहा पूर्णांक दोन. हे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"म्हणजे आम्ल नाही?"

"नाही. आज खाली गेला तो व्हिनेगरने गेला. मीच पाडला."

तो अंगठा अजून डबीवर ठेवून होता. तिला दिसलं, तो हिशेब करतो आहे, सावकाश, बाटलीपासून डबीपर्यंत आणि डबीपासून स्वतःपर्यंत. आणि त्याला तिथे एकट्याने पोचू द्यायचं नाही, एवढं तरी आपण करायला हवं असं तिला वाटलं. तिने त्याच्या हातातून बाटली घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"माझ्यात काही बिघाड नाही, कोसिमो. मी देऊ शकते," ती म्हणाली. "मी देणार नाही."